त्याच्यासारखं अक्षर

आदरणीय बाई,
माझा मुलगा १२ वर्षांचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत सातवीत शिकतो. तोंडी विचारलं तर सगळं सांगतो, लिहायला बसला की अडतो. दिवाळीच्या सुट्टीत मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी करून घेतली. डिस्लेक्सिया (वाचायला अडचण) आणि डिसग्राफिया (लिहायला अडचण) आहे असा अहवाल मिळाला. तो घेऊन शाळेत गेलो तर वर्गशिक्षिका म्हणाल्या, "घरी वही पूर्ण असते, मग वर्गातच का येत नाही? हा आळस आहे." मुख्याध्यापक म्हणाले, "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही, आठवीला दुसरीकडे बघा." मी तिथेच रडले. ह्यांचं म्हणणं, शाळेशी वाकडं घेऊ नये. वह्या मी रात्री पूर्ण करते, त्याच्यासारखंच अक्षर काढून, म्हणजे त्याला वर्गाबाहेर उभं करत नाहीत. पण परीक्षेत काय करणार? शाळेशी भांडू की शाळाच बदलू?
– एक आई
(पत्र संक्षिप्त केलं आहे.)

वयाने तू माझ्या धाकट्या मुलीएवढी असशील, म्हणून अगं-तुगं करते.

तुझं मूळ पत्र चार पानांचं. मुख्याध्यापकांवर दीड पान, वर्गशिक्षिकेवर एक, नवऱ्यावर अर्धं. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, जाता जाता लिहिलेली ती ओळ: वह्या मी रात्री पूर्ण करते, त्याच्यासारखंच अक्षर काढून. पुढे लगेच परीक्षेची काळजी सुरू. मी मात्र त्या ओळीच्या पुढे जाऊ शकले नाही.

किती रात्री गेल्या गं ते अक्षर साधायला? शिरोरेघ मध्येच तोडायची, रफार शेजारच्या अक्षरावर द्यायचा, 'ध'चा 'घ' करायचा, दोन शब्द एकमेकांना चिकटवायचे, ओळ उजवीकडे उतरती न्यायची. घर निजल्यावर तू एकटी हे करत बसतेस, हे डोळ्यांपुढे आलं आणि पोटात कालवलं. पाठोपाठ राग आला, तोही तुझाच.

मी २७ वर्षं पाचवी ते सातवीला मराठी शिकवलं. बाईंच्या टेबलावर काय येतं ते सांगते. घटक चाचणीची उत्तरपत्रिका, साडेतीन ओळी लिहून सोडून दिलेली. शेजारी त्याच मुलाची गृहपाठाची वही, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत भरलेली. अक्षर तेच. यातून बाईंनी काय समजावं? मीही तेच समजले होते. एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला, 'घरी करतो, वर्गात टाळतो.' वही त्याची मोठी बहीण लिहायची, हे तो शाळा सोडून गेल्यावर मला कळलं. तो शेरा मला आजही खोडता आलेला नाही.

तुमच्या वर्गशिक्षिका चुकल्या आहेत. अहवाल समोर असताना आळस म्हणणं चूकच. पण त्या चुकीला रोज सकाळी पुरावा तू पुरवतेस. अहवाल त्यांनी एकदा पाहिला, वही त्या रोज पाहतात. त्यांचा विश्वास कशावर बसणार?

आणि मुलाकडे बघ. "घरी येतं, मग इथे का येत नाही?" असं बाई विचारतात, तेव्हा उत्तर त्याला ठाऊक असतं. ते दिलं तर आई पकडली जाईल. म्हणून तो मान खाली घालून आळशी म्हणवून घेतो. वर्गाबाहेर उभं राहण्यापासून तू त्याला वाचवलंस आणि वर्गात उभा राहून तो तुला वाचवतोय. सातवीतल्या पोराने आईची एवढी काळजी वाहायची?

तेव्हा आज रात्रीपासून त्याच्या वहीत तुझं पेन चालणार नाही. तुला माझं सांगणं हेच.

वही त्याच्यापुढे ठेव, घड्याळ लाव. अर्धा तास झाला की थांबव. जेवढं झालं तेवढं, जसं झालं तसं. खाडाखोड राहू दे, खोडरबर उचलू नकोस. मग खाली तुझ्या स्वतःच्या अक्षरात लिही: 'सात ओळींना ३० मिनिटं लागली. उरलेल्या चार प्रश्नांची उत्तरं तोंडी विचारली, चारही बरोबर सांगितली.' तारीख आणि सही कर. हे रोज करायचं. पंधरा दिवसांत जी वही तयार होईल, तिच्याइतका बोलका कागद तुझ्याकडे दुसरा नसेल.

पण ती पहिली अपुरी वही त्याच्या दप्तरातून एकटी जाता कामा नये. गेली तर शिक्षा त्याला होईल आणि रात्री तू पुन्हा पेन उचलशील. त्या सकाळी वहीबरोबर तू जायचंस, हातात अर्ज घेऊन.

अर्जाची पहिली ओळ मी सांगते: 'जूनपासूनच्या गृहपाठाच्या वह्या मी स्वतः लिहिल्या आहेत, माझ्या मुलाने नाही.' हे लिहिताना लाज वाटेल. वाटू दे. ही ओळ लिहिलीस की बाईंचा सगळा युक्तिवाद तिथेच संपतो, आणि मुलाला काही लपवायचं उरत नाही.

त्यापुढचं लिहायला तुझ्याइतकं योग्य माणूस कुणी नाही. फळ्यावरून उतरवताना कुठे ओळ सुटते, कुठल्या जोडाक्षरापाशी तो थांबतो, ऱ्हस्व-दीर्घ कुठे उलटतं, किती वेळाने बोटं आखडतात. त्याच्या चुका तुला इतक्या पाठ आहेत की त्या हुबेहूब काढता येतात. तपासणाऱ्यांनी त्याला काही तास पाहिलं, तू महिनोन्महिने त्याच्या हाताने लिहिलं आहेस. हे सगळं आता तुझ्या अक्षरात कागदावर येऊ दे.

मागणं मोघम ठेवू नकोस. 'सहकार्य करावे ही नम्र विनंती' एवढंच लिहिलं तर शाळेला काहीच करावं लागत नाही. फळ्यावरचा मजकूर त्याला झेरॉक्स करून मिळावा. गृहपाठात दोन प्रश्न लेखी, बाकीचे तोंडी घ्यावेत. घटक चाचणीला जादा वेळ द्यावा, लागला तर लेखनिक द्यावा. वर्गाबाहेर उभं करणं आजपासून बंद व्हावं. एवढी चार वाक्यं पुरेत.

'आमच्याकडे सोय नाही' असं म्हणून मुख्याध्यापकांना सुटता येणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे, आणि त्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांमध्ये अध्ययन अक्षमता, म्हणजे तुझ्या मुलाला आहे तशी वाचण्या-लिहिण्यातली अडचण, आहे. त्याच्या कलम १६ मध्ये अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांमध्ये काय व्हायला हवं ते दिलं आहे. मुलाची अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्याप्रमाणे शिकवण्याचे उपाय करणं हे त्यातलंच. तपासणी खरं तर त्यांनी सुचवायला हवी होती, ती तू पदरचे पैसे घालून करून आणलीस. कलम १७ मध्ये परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्जात ही दोन्ही कलमं आकड्यासकट घाल.

वर्गाबाहेर उभं करण्याचं म्हणशील तर शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या, कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. आणि त्याच कायद्याचं कलम १६ सांगतं की आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 'आठवीला दुसरीकडे बघा' हे तुला तोंडी का सांगितलं गेलं, लक्षात येतंय का? लिहून देता येत नाही म्हणून. आईवडिलांनी स्वतःच दाखल्यासाठी अर्ज केला की शाळेचं काम होतं. दाखल्याच्या अर्जावर तू सही करायची नाहीस, त्यांनी कितीही गोड बोलून कागद पुढे केला तरी.

अर्जाच्या दोन प्रती कर. एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शाळेचा शिक्का घेऊन ती घरी आण. लिपिक म्हणाला 'साहेब नाहीत, नंतर या', तर तिथूनच पोस्टात जा, स्पीड पोस्टने पाठव आणि पावती जप. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर झेरॉक्स जोडून जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं, एक प्रत पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात द्यायची. समावेशित शिक्षणाचं, म्हणजे अशा मुलांना इतरांबरोबरच शिकवण्याचं, काम बघणारी माणसं तिथे असतात, त्यांनी शाळेत येऊन मुलाला पाहावं असं लेखी माग. त्याच्याही वर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे. पण माझ्या नोकरीत मी हेच पाहिलं की तोंडी विनंत्या वर्षानुवर्षं हवेत राहतात, आणि शिक्का मारलेला कागद आला की मुख्याध्यापक खुर्ची पुढे ओढून वाचायला घेतात.

तू रडलीस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पुन्हा रडू आलं तरी चालेल. बोलायचं ते कागद बोलेल, तू फक्त तो टेबलावर ठेव आणि शिक्का मिळेपर्यंत उठू नकोस.

परीक्षेचं विचारलं आहेस. महाराष्ट्रात अशा मुलांना १९९६ पासून सवलती मिळत आल्या आहेत. बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळतो. त्यासाठी मात्र खासगी अहवाल चालत नाही, शासनाने नेमून दिलेल्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. दहावी जवळ येईपर्यंत थांबू नकोस, या वर्षीच जिल्हा रुग्णालयात चौकशी कर. वर्गातली मदत मागायला आजचा अहवाल पुरेसा आहे, प्रमाणपत्र येईपर्यंत अर्ज अडवून ठेवायचं कारण नाही. आणि तपासणीच्या वेळी शाळेचं पत्र आणि मुलाच्या वह्या बघायला मागतात. तिथे कुठल्या वह्या नेणार होतीस?

शाळा बदलायची नाही. नव्या शाळेतही पहिल्या आठवड्यात गृहपाठ मिळेल आणि रात्री तू वही ओढशील. दोन वर्षांनी मला हेच पत्र दुसऱ्या गावाहून येईल.

नवऱ्याला सांग, वाकडं घ्यायला जात नाही, अर्ज द्यायला जाते आहे. शेजारच्या खुर्चीत नुसतं बसायला आले तरी फार झालं. नाहीच आले तर एकटी जा.

आज जेवणं झाल्यावर मुलाला जवळ घे आणि सांग, "आजवर वही मी लिहीत होते, ते माझं चुकलं. बाईंना हे मीच सांगणार आहे, तुला काही सांगावं लागणार नाही." तो घाबरेल. उद्या काय होईल, बाई काय म्हणतील, असं चारचारदा विचारेल. दर वेळी हेच उत्तर दे. मग त्याला लिहू दे. तो झोपल्यावर अर्धं कोरं पान बघून तुझा हात शिवशिवेल. अशा वेळी दिवा मालव आणि वही तशीच दप्तरात घाल.