काय बसवू, यापेक्षा काय काढू? पिकअपच्या ॲव्हरेजबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी डबल केबिन डिझेल पिकअप नवी असताना महामार्गावर लिटरला १३ किलोमीटर द्यायची. आता १० वर आली आहे. मधल्या काळात २४५/७० चे टायर काढून २६५/७५ चे जाड नक्षीचे टायर टाकले (रिम तेच, १६ इंची), टपावर कॅरियर बसवलं आणि हौद्यात अवजारांची पेटी कायमची ठेवली. वेग साधारण ११० असतो. कुणी म्हणतं फाळका (हौद्याचं मागचं झडपेसारखं दार) पाडून चालव, कुणी म्हणतं उतारावर न्यूट्रल कर. एकाने डिझेलच्या पाइपवर लावायचं चुंबक सुचवलं, दुसऱ्याने इंजिनाच्या संगणकाला जोडायची चिप. यातलं काय करू?

उत्तर : यातलं काहीच करू नका. तुमच्या गाडीला काही बसवायची गरज नाही, बसवलेलं काढायची आहे. पण आधी ते १० खरोखर १० आहेत का, ते तपासू.

ओडोमीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. तुमच्या जुन्या टायरचा व्यास होता सुमारे ७४९ मिलिमीटर, नव्याचा ८०४. म्हणजे चाक ७ टक्क्यांनी मोठं झालं. मीटरवर १०० किलोमीटर पडतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०७ चाललेली असते. त्यामुळे तुमचं १० हे खरं पाहता १०.७ च्या आसपास आहे. तीनातला पाऊण किलोमीटर इथेच सापडला, तो हरवलाच नव्हता.

याची दुसरी बाजू मात्र महागात पडते. वेगाचा काटाही त्याच फेऱ्यांवर चालतो. काटा ११० दाखवतो तेव्हा तुम्ही आधीपेक्षा ७ टक्के जास्त वेगाने जात असता. कारखान्यातून काटे मुळात थोडे पुढे ठेवलेले असतात, म्हणून नेमका वेग फोनच्या जीपीएसवर एकदा पडताळा. शेजारी बसलेल्याला बघायला सांगा, स्वतः चालवताना बघू नका. टायरचं माप बदलल्यावर ॲव्हरेज पडलं अशी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच करायला सांगतो.

आता वेगाबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमचं बहुतेक डिझेल तिथेच जातंय. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९० वरून ११० वर गेलात तर वेग वाढला २२ टक्क्यांनी, वाऱ्याचा विरोध वाढला जवळजवळ दीडपट. पिकअपचं नाक उंच आणि सपाट, केबिनच्या मागे एकदम खड्डा, खाली मोकळी चासी. त्यामुळे महामार्गाच्या वेगाला इंजिनाची निम्म्याहून जास्त ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. ९० किलोमीटरचं अंतर ११० ऐवजी ९० च्या वेगाने काटलं तर अकरा मिनिटं जास्त लागतात. त्या अकरा मिनिटांच्या बदल्यात जेवढं डिझेल वाचतं तेवढं वाचवणारं उपकरण बाजारात मिळत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला : एक पूर्ण टाकी खऱ्या ९० ने चालवून बघा आणि बाकी काहीही बदलू नका.

मोजायची पद्धत ठरलेली असू द्या. टाकी भरताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं, वरून थेंब थेंब भरायचं नाही. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, गाडी त्याच दिशेने उभी करून भरायचं. भरलेले लिटर आणि चाललेले किलोमीटर (तुमच्या बाबतीत १.०७ ने गुणून) वहीत लिहायचे. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. वाऱ्याची दिशा, पाऊस, घाट यांनी एखादी टाकी सहज फसवते. डॅशबोर्डवरचा आकडा तुलनेपुरता ठीक आहे, पण हिशोब वहीतलाच धरा.

कॅरियर उतरवून ठेवा. रिकामं असलं तरी ते वारा अडवतं, आणि टपावरून जाणारी हवा बिघडली की मागे हौद्यावरचा प्रवाहही बिघडतो. लागेल तेव्हा चार बोल्ट लावायला कितीसा वेळ लागतो? पेटीचं तसं नाही. ५० किलोने फार तर टक्काभर फरक पडतो, तोही थांबत-निघत चालणाऱ्या गाडीत जास्त जाणवतो. अवजारं रोज लागत असतील तर राहू द्या. निम्मी लागत नसतील तर तेवढी उतरवा.

फाळक्याची गोष्ट मी फार वेळा ऐकली आहे. ऐकायला पटते, कारण डोळ्यांना फाळका वारा अडवताना दिसतो. प्रत्यक्षात फाळका लावलेला असला की हौद्यात हवेचा एक संथ भोवरा तयार होतो आणि वरून येणारा वारा त्या भोवऱ्यावरून घसरत मागे निघून जातो. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो, केबिनच्या पाठीमागे ओढ वाढते आणि बहुतेक गाड्यांमध्ये एकूण विरोध कमी होण्याऐवजी वाढतो. शिवाय सामान सटकून मागच्या गाडीवर पडण्याचा धोका. फाळका लावलेलाच ठेवा. हौद्यावर सपाट, घट्ट बसणारं झाकण टाकलंत तर विरोध थोडा कमी होतो, पण केवळ डिझेल वाचवण्यासाठी ते घेऊ नका. सामान कोरडं राहावं म्हणून घेतलंत तर ती बचत वरकड.

उतारावर न्यूट्रल अजिबात नको. तुमच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजेक्टर डिझेल सोडणं बंद करतात. चाकंच इंजिन फिरवतात आणि खप शून्य होतो. न्यूट्रल केलं की इंजिन स्वतःच्या पायावर चालू ठेवण्यासाठी पुन्हा डिझेल लागतं. अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी थोडी लांबवर घरंगळते, हे खरं. पण त्या थेंबासाठी इंजिनाचा ब्रेक हातचा घालवायचा, आणि लांब उतारावर लायनर तापून ब्रेक लागेनासे व्हायची वेळ आणायची? मी स्वतः कधी करत नाही आणि माझ्या हाताखालच्या मुलांनाही करू देत नाही.

चुंबकाबद्दल एवढंच की, धड चालणाऱ्या इंजिनात गेलेलं डिझेल जवळजवळ सगळं जळतंच. वाया जातं ते जळल्यानंतर, सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन. डिझेल आणखी चांगलं जाळून देतो म्हणणाऱ्या वस्तूला सुधारायला काही उरलेलंच नसतं. चिपने ताकद वाढते, आणि वाढलेली ताकद पाय वापरतोच. वॉरंटी आणि धुराची मर्यादा हे प्रश्न वेगळेच.

उरले टायर. जाड नक्षीचा, जड टायर रस्त्यावर लोळताना जास्त ताकद खातो. त्याने गाडी २७ मिलिमीटर उचलली गेली, त्यामुळे खालून जाणारा वाराही वाढला. चिखल-दगडांतून रोज जात असाल तर ते टायर योग्यच आहेत, त्यांची किंमत समजून वापरा. फक्त डौलासाठी घातले असतील तर झिजल्यावर मूळ मापाकडे परत या. चांगले टायर फेकून द्या असं मी सांगणार नाही.

प्रश्न : माझी सिंगल केबिन पिकअप कायम मालाने भरलेली असते आणि लिटरला ८ देते. मेकॅनिक म्हणतो, सगळं केलं तरी १० च्या वर जाणार नाही. दोन किलोमीटरसाठी एवढा खटाटोप करावा का?

उत्तर : जरूर करा. कमी ॲव्हरेजच्या गाडीतच ते दोन किलोमीटर मोलाचे असतात. १,००० किलोमीटरला ८ च्या हिशोबाने १२५ लिटर लागतात, १० च्या हिशोबाने १००. बचत २५ लिटरची. १४ देणारी गाडी १६ वर नेली तर तेवढ्याच अंतराला ९ लिटरसुद्धा वाचत नाहीत.

भरलेल्या गाडीत मी सर्वांत आधी मागच्या टायरांची हवा बघतो. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर बहुधा दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा. बरेच जण रिकाम्याचा आकडा धरून बसतात. सगळ्या टायरांत हवेचा दाब सरासरी १ पीएसआय (पंपावर हवा मोजायचं माप) कमी असेल तर इंधन साधारण ०.२ टक्के जास्त जातं. १० पीएसआय कमी म्हणजे २ टक्के, आणि शिवाय टायर तापून फुटायची भीती. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. टायरच्या अंगावर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, ती भरायची हवा नव्हे.

मग ब्रेक. अडकलेला ब्रेक बिनबोभाट डिझेल खातो. गाडी काही अंतर चालवून, शेवटचा टप्पा शक्यतो ब्रेक न लावता हळूहळू थांबवा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथे लायनर घासतोय, हँडब्रेकची केबल परतत नाहीये किंवा कॅलिपरची पिन जाम झाली आहे. जॅकवर उचलून चाक हाताने फिरवलं की खात्री पटते. बेअरिंग गेलेलं असेल तर तेही तेव्हाच कळतं.

काळा धूर येत असेल आणि चढाला दम लागत असेल तर टर्बोकडून (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारे रबरी पाइप बोटांनी चाचपा. बारीक चीर आणि तेलकट डाग दिसला की कारण सापडलं. एअर फिल्टर मात्र सगळे आधी बदलतात. तो वेळेवर बदलावाच, पण इंजेक्शनच्या इंजिनात मळक्या फिल्टरने आधी जोर कमी होतो, ॲव्हरेजवर परिणाम मामुली. पंख्याचा व्हिस्कस क्लच (गरजेपुरताच पंखा जोडणारा भाग) जाम होऊन पंखा सतत घोंगावत असेल तर तो नक्की डिझेल खातो. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली थोडी मिनिटं घोंगावणं ठीक, कायम घोंगावणं ठीक नाही.

माल केबिनच्या उंचीच्या वर जाऊ देऊ नका, आणि ताडपत्री फडफडत असेल तर आवळून बांधा. माल चढवताना-उतरवताना इंजिन बंद ठेवा. उभ्या गाडीत तुमच्या आकाराचं डिझेल इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर सहज पितं, एसी चालू असेल तर आणखी. भरलेली गाडी हलवायला लागलेली सगळी ताकद ब्रेक मारला की लायनरमध्ये उष्णता होऊन जाते, म्हणून सिग्नल लांबून दिसला की पाय तिथेच उचला. चढाला टॉप गिअरमध्ये इंजिन धडधडवत ओढू नका, एक गिअर खाली घ्या.

प्रश्न : माझी डिझेल पिकअप शहरातच फिरते, एका वेळी चार-पाच किलोमीटर. थंडीत ॲव्हरेज फारच पडतं, आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढेल कसं?

उत्तर : ते ऑइल नाही, त्यात डिझेल मिसळतंय. तुमच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असणार. काजळी साठली की ती जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. चार किलोमीटरवर तुम्ही चावी फिरवता, जाळणं अर्धवट राहतं, पुढच्या वेळी पुन्हा सुरू होतं. त्यात जादा डिझेल जातं आणि थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवणं धोक्याचं आहे. पातळी खुणेच्या वर असेल तर ऑइल लगेच बदला, कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं, आणि अधूनमधून गाडी अर्धा तास सलग मोकळ्या रस्त्यावर न्या.

थंडीत थोडं ॲव्हरेज पडणारच. ऑइल घट्ट असतं, टायरची हवा उतरते, शून्य अंशाची हवा २७ अंशाच्या हवेपेक्षा १० टक्के दाट असते. पण मोठ्या रस्त्यावर चालूनही तापमानाचा काटा मधोमध येत नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला आहे. इंजिन थंड आहे असं समजून संगणक डिझेल जास्त सोडत राहतो. सुटा भाग छोटा असतो, बदलून टाका. सकाळी जागेवर उभं राहून इंजिन तापवत बसू नका, अर्ध्या मिनिटात निघा आणि सुरुवातीला हलक्या पायाने चालवा.

प्रश्न : फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद) लावून ठेवलं तर पकड चांगली राहते, म्हणून मी पावसाळाभर काढत नाही. ॲव्हरेजवर फरक पडतो का?

उत्तर : पडतो, आणि गिअरवरही पडतो. तुमचं फोर बाय फोर लिव्हरने लागणारं पार्ट-टाइम असेल तर त्यात पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. चिखलात तो फरक चाकं घसरून निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघायला जागाच नसते, मग टायर घासतात, स्टिअरिंग जड होतं आणि पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. चिखल, वाळू, निसरडा चढ संपला की टू-व्हीलवर आणा. लिव्हर सुटत नसेल तर सरळ रेषेत थोडं मागे-पुढे करा. पुढच्या हबला हाताने फिरवायचं कुलूप असेल तर तेही मोकळं करा, नाहीतर पुढचा शाफ्ट उगाच फिरत राहील.