फुलकिडे मरत नाहीत? आधी आंब्याच्या नऊ कलमांवर औषध तपासा

प्रश्न : हापूसच्या मोहोरावर फुलकिडे आहेत. दुकानदाराने दिलेली तीन औषधं एकत्र करून दोनदा फवारली, दुसऱ्या वेळी मात्रा दीडपट केली. आठ दिवसांत पुन्हा तेवढेच. आता कोणतं औषध मारू? (बागायतदार, ता. देवगड)

उत्तर : आज बागभर कुठलंच मारू नका. तुम्ही पाठवलेल्या बिलावर लॅम्डा सायहॅलोथ्रीन, इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम आहे. शेवटची दोन एकाच गटातली. पैसे दोन डब्यांचे गेले, काम एकाचंच झालं. लॅम्डाने फुलकिडे खाणारे मित्रकीटक मारले. फुलोऱ्यात फवारल्याने मधमाश्या आणि माश्याही गेल्या, मग कणी, म्हणजे बारीक फळं, धरायची कशी?

फुलकिड्यांची पिल्लं वाढली की मोहोरावरून खाली मातीत, पाचोळ्यात उतरतात आणि कोषात जातात. तिथे फवारा पोचत नाही. आठ दिवसांनी तेच वर येतात आणि दुकानदार म्हणतो, 'डोस कमी पडला.' डोस कमी पडलेला नाही. मात्रा वाढवली की औषध पचवणारे किडे तेवढे मागे उरतात आणि पुढच्या हंगामात तेच औषध पाण्यासारखं जातं. मात्रा वाढवू नका. औषधं एकत्र करू नका.

आता चाचणी घ्या. सारख्या वयाची, सारख्या मोहोराची नऊ कलमं निवडा. तिघांवर स्पिनोसॅड ४५ टक्के, १० लिटर पाण्यात २.५ मिली. तिघांवर दुकानदार सुचवतो ते, पण एकटं आणि लेबलवरच्या मात्रेने. त्या लेबलवर किंवा दापोली कृषी विद्यापीठाच्या फवारणी वेळापत्रकात आंबा नसेल, तर ते बागेत आणूच नका. उरलेल्या तिघांवर फक्त पाणी. ही पाण्याची कलमं सोडू नका. वारा, पाऊस, थंडी यांनीही फुलकिडे घटतात आणि श्रेय औषधाला मिळतं.

प्रत्येक कलमाच्या चारही दिशांना एकेका मोहोराला चिंधी बांधा. काळा पुठ्ठा खाली धरून मोहोर तीनदा टिचकवा. पिवळसर, तिळाहूनही बारीक, सरपटणारे किडे पडतील, ते मोजून वहीत लिहा. फवारणीआधी, मग तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी. तिसऱ्या दिवशी आकडा पडला आणि नंतर चढला, तर औषध लागलंय, चढलेले किडे बहुधा मातीतले आहेत. तिसऱ्या दिवशीच पाण्याच्या कलमाएवढे असतील, तर ते औषध तुमच्या बागेत संपलं. ही मोजणी मी प्रत्येक बागायतदाराला करायला लावतो, कारण पुठ्ठ्याला काही विकायचं नसतं.

फवारणी संध्याकाळी, मधमाश्या पोळ्याकडे परतल्यावर. पूर्ण फुललेल्या मोहोरावर नाही, म्हणजे नाही. गडी मास्क आणि हातमोज्यांशिवाय पंपाला हात लावणार नाही, हे तुम्ही बघा. बिल घ्याच. काढणीआधी किती दिवस थांबायचं तेही लेबलवर वाचा.

विम्याचं विचारलंय : फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. अवकाळी पाऊस, तापमान वगैरे धरतो, फुलकिड्यांचं नुकसान धरत नाही.

सातव्या दिवसापर्यंतचे आकडे लिहिलेली वही घेऊन कार्यालयात या. चाचणीची औषधं सोडली तर तोपर्यंत दुकानात जाऊ नका.