आधी तानपुरा लाव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, सोबत पाठवलेला तुझा भूप राग तीनदा ऐकला. गुरू बदलू का, बँकेतली नोकरी धरू का, रोज एक रील टाकू का, हे तुझे तीन प्रश्न. भूप ऐकून मला चौथाच पडला. घरचा तानपुरा गवसणीत का? मागे फोनवरचा तानपुरा चाललाय, आणि तुझा गंधार, म्हणजे ‘ग’, पेटीचा आहे.

पेटीचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. अर्धा सूर १०० सेंटचा, म्हणजे जवळपास त्याचा सातवा हिस्सा. भूपात गंधार वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा सूर, त्यामुळे तिथे हे लपत नाही. खरा गंधार शोधायला कुठे जायला नको. खर्जाची, म्हणजे खालच्या ‘सा’ची, तार नीट लागली, जवारी (घोडीवर तारेला येणारी झणझण) मोकळी असली की तो तिच्यातूनच उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्जाचा पाया येत नाही. शिवाय ॲप कधी उतरत नाही, त्यामुळे कानाला कामच उरत नाही. तानपुरा लाव. स्वतःच्या हाताने, रोज, गळा उघडण्याआधी.

कसा, ते लिहितो. घोडीखाली तारांत ओवलेले मणी मधोमध आण. तुझी काळी चार एकदाच ऐक आणि पेटी बंद कर. आधी जोडाची, म्हणजे मधल्या दोन ‘सा’च्या तारांपैकी, एक तार, मग तिला दुसरी मिळव. दोन्ही एकापाठोपाठ छेडल्या की नादात लाटा येतात. सेकंदाला दोन लाटा म्हणजे दोन कंपनांचा फरक. खुंटी किंचित फिरव, लाट लांबत जाईल, लांबत लांबत निवेल. तिथे थांब. मग पितळी खर्ज, शेवटी पंचम. मालकंसाला पंचमाऐवजी मध्यम, मारव्याला निषाद. उरलेला कणभर फरक मण्याने काढ. मणी घोडीपासून खाली सारला की सूर चढतो. सगळ्यात शेवटी जवारीचा दोरा, घोडीवर तारेखाली असतो तो. तार छेडत तो केसभर पुढेमागे कर. एका जागी नाद फुलतो, जरा पुढे गेला की खरखरतो, मागे राहिला की मुका होतो. पंचमाला मधलं बोट, बाकी तिन्हींना तर्जनी, तेही बोटाच्या मऊ भागाने. ओरबाडलीस तर तार छेडताक्षणी चढते आणि मग उतरते, आणि तू नेमका तोच चढा सूर धरतेस.

पहिले काही दिवस चाळीस मिनिटं जातील. जाऊ देत. हाच रियाज आहे, रियाजाची तयारी नव्हे!

मुंबईची हवा या वाद्याची वैरीण. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात. जोर लावू नकोस, दांडीचं भोक फाटतं. एसीत त्याच खुंट्या आकसून निसटतात, त्यांना खडू लाव. खाऱ्या हवेने पोलादी तारा गंजतात, रियाजानंतर कोरड्या फडक्याने पूस. एनसीपीएसारख्या थंड सभागृहात गायचं असेल तर तासभर आधी पोच, गवसणी काढून तानपुरा तिथल्या हवेला लागू दे, मगच लाव. रंगमंचावरच्या दिव्यांनी तारा तापतात आणि सूर उतरतो, म्हणून पहिल्या ख्यालानंतर पुन्हा तपास.

आता तुझे प्रश्न. नोकरी घे. पण सकाळचा पहिला तास लोकलला देऊ नकोस. साडेनऊची हजेरी जमत नसेल तर दुसरी नोकरी बघ. गुरू बदलायचा विचार या वर्षी नको. गुरूमागे तानपुऱ्यावर बसायला मिळतंय ना? किशोरीताई आमोणकर आपल्या आईच्या, मोगूबाईंच्या, मागे अशाच बसल्या होत्या. राग मांडताना श्वास कुठे घेतला, सम कशी गाठली, हे दोन हातांवरून दिसतं, दहाव्या रांगेतून नाही. तुला ते बसणं कमीपणाचं वाटतं, हे वाचून मला राग आला, लपवत नाही. रील टाक किंवा टाकू नकोस, फक्त मागे तो फोन नको.

मी हट्टी आहे असं तुझी आई म्हणते. आहे. ऐन उमेदीची वर्षं मी पेटीच्या गंधारावर घालवली आणि कानाला लागलेली सवय गळ्यापेक्षा चिवट निघाली. तुझा कान अजून कोवळा आहे, म्हणून इतका मागे लागतोय. आकाशवाणीची ऑडिशन, मैफिली, मानधन यावर तू म्हणशील तेव्हा बोलू. पण तानपुरा लावून मगच.

शनिवारी पार्ल्याला येताना तो घेऊन ये, तारा थोड्या उतरवून, गवसणीत भोपळ्याखाली जाड चादर घालून. दुपारची लोकल धर, गर्दी कमी असते. पांढरा सुती दोरा आण. खडू माझ्याकडे आहे.