मॉर्गेजमधलं ‘मेलेलं’ काय?

अमेरिकेतल्या एका मराठी वाचकाने विचारलंय : ‘जिनी मे’ या अमेरिकी सरकारी संस्थेच्या हमीच्या मॉर्गेज-बॅक्ड सिक्युरिटीजना, म्हणजे घरकर्जांच्या गठ्ठ्यावर काढलेल्या रोख्यांना, ‘सरकारी तारण रोखे’ म्हणावं की ‘सरकारी गहाण रोखे’? त्यांच्या खरेदी-विक्रीवरच्या कराबद्दल लिहिताना कोणता शब्द वापरावा?

आधी ‘सरकारी’ काढून टाका. हा घोळ सतत कानावर पडतो आणि दर वेळी चीड येते. कर्ज घरमालकांनी काढलंय, सरकार फक्त हमीदार आहे. हमीदार म्हणजे ऋणको नव्हे. करात हा फरक थेट खिशाला लागतो. ट्रेझरी रोख्यांच्या, म्हणजे खुद्द अमेरिकी सरकारने काढलेल्या कर्जरोख्यांच्या, व्याजावर तिथल्या राज्यांना प्राप्तिकर लावता येत नाही. जिनी मेच्या रोख्यांना ही सूट नाही. 1987 साली रॉकफर्ड लाइफ इन्शुरन्सच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तसा स्पष्ट निकाल दिला. तेव्हा ‘सरकारी हमीचे’ म्हणा.

तारण की गहाण? मी ‘गहाण’ म्हणेन, कारण तारण सोन्याचंही असतं आणि शेअरचंही, इथे मात्र प्रश्न घराचा आहे.

पण खरी मौज ‘मॉर्गेज’ या शब्दातच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मॉर’ म्हणजे मेलेलं आणि ‘गाज’ म्हणजे गहाण. मेलेलं का? सगळे इंग्रज कायदेपंडित सर एडवर्ड कोक यांच्या 1628 च्या टीकाग्रंथाकडे बोट दाखवतात : कर्ज फेडलं नाही तर जमीन ऋणकोला मेली, फेडलं तर धनकोला मेली. दोन्हीकडून लागू पडणारी ही व्युत्पत्ती मला मागाहून जुळवलेली वाटते, कितीही मोठ्या नावाची असो. कोकच्या चार शतकं आधी, इंग्रज न्यायाधीश ग्लॅनव्हिलच्या नावावर असलेल्या लॅटिन कायदेग्रंथात उत्तर स्वच्छ दिलंय : जमिनीचं उत्पन्न धनको खातो आणि मुद्दल मात्र एका पैशाने घटत नाही, ते गहाण ‘मृत’. उत्पन्न मुद्दलात वळतं होत असेल, तर इंग्रजी कायद्याच्या भाषेत ते ‘जिवंत’ गहाण. आपल्या कब्जेगहाणात, म्हणजे जमिनीचा ताबाच धनकोकडे जातो त्या गहाणात, दोन्ही तऱ्हा चालतात, आणि 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही दोन्ही मान्य करतो.

या कसोटीवर जिनी मेचे रोखे जिवंत गहाणाच्या जातीचे. घरमालकांचे हप्ते दर महिन्याला गुंतवणूकदारापर्यंत पोचतात, त्यात व्याज असतं आणि मुद्दलही. म्हणून ‘या महिन्याचं व्याज आलं’ म्हणणं साफ चूक आहे. व्याजावर नेहमीच्या उत्पन्नासारखा कर लागतो. मुद्दल ही आपलीच परत आलेली रक्कम, ती उत्पन्न नव्हे. मात्र रोखा बाजारात बट्ट्याने, म्हणजे शिल्लक मुद्दलापेक्षा कमी भावात घेतला असेल, तर परत येणाऱ्या मुद्दलातला त्या बट्ट्याचा साठलेला हिस्सा नेहमीचं उत्पन्न धरतात. रोखा मध्येच नफ्याने विकला तरी तोवर साठलेल्या बट्ट्याइतका नफा भांडवली नफ्यात बसत नाही, त्यावरचाच उरलेला बसतो.