शिसवी कपाट, मच्छरदाणीचा पलंग आणि गोदामाचे भाडे

प्रश्न : नौपाड्यातील आमची जुनी इमारत पुनर्विकासाला जात आहे. आजोबा जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेत होते. एक साहेब विलायतेस परतताना झालेल्या लिलावात त्यांनी शिसवी कपाट, मच्छरदाणीचा पलंग आणि लिहिण्याचे डेस्क घेतले, असे घरात सांगतात. एक व्यापारी तिन्हींचे मिळून ६०,००० रुपये देतो आहे. की ४५,००० रुपये खर्चून दुरुस्ती-पॉलिश करून घ्यावे, अडीच वर्षे भिवंडीच्या गोदामात महिना २,५०० रुपये भाड्याने ठेवावे आणि मग चढ्या भावाने विकावे? अमेरिकेतील बहिणीला डेस्क हवे आहे.

उत्तर : आधी गोदामाचा हिशेब मांडू. तीस महिन्यांचे भाडे ७५,००० रुपये होते, म्हणजे व्यापारी आज देत असलेल्या रकमेहूनही अधिक. त्यात दुरुस्तीचे ४५,०००, आज सोडून दिलेले ६०,००० आणि ते बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर मिळालेले सुमारे १०,५०० रुपये व्याज मिळवा. अडीच वर्षांनी या तीन वस्तूंचे सुमारे १,९०,००० रुपये आले, तरच आपण आजच्या इतक्याच पाण्यात उभे असाल. दोन वेळची हमाली आणि टेम्पो मी धरलेलाच नाही. विकण्यासाठीच ठेवायचे असेल, तर हा व्यवहार मला पटत नाही.

मात्र याचा अर्थ ६०,००० रुपये हा योग्य भाव आहे, असा नव्हे. तो एका खरेदीदाराचा भाव आहे आणि आपल्याला घर रिकामे करायचे आहे हे त्याला ठाऊक आहे. उलट, संकेतस्थळांवर अशा कपाटांसाठी दिसणारे आकडे ही विक्रेत्यांची मागणी असते. त्या किमतीला वस्तू गेली की नाही, हे तिथे कळत नाही. म्हणून इतिहास आधी शोधावा, आणि त्याला फारसा खर्च येत नाही.

डेस्कचा एक खण पूर्ण बाहेर काढून उलटा करा आणि बाजूने विजेरीचा उजेड टाका. कोपऱ्यातील डव्हटेल सांध्याचे (पंख्यासारखे पसरट दात एकमेकांत अडकवलेल्या जोडाचे) दात किंचित लहानमोठे असतील आणि तळाच्या फळीवर रंध्याचे उथळ पट्टे जाणवत असतील, तर काम हाताचे असण्याची शक्यता मोठी. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचिन्हाची खाच दिसली, तर तो स्क्रू १९३० च्या दशकाआधीचा नाही. एखादाच असेल तर दुरुस्तीचा, सगळे तसे असतील तर शंका घ्यावी. कुलपाच्या पितळी पट्टीवरील नाव टिपून ठेवा. जी.आय.पी. चे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत रूपांतर झाले, त्यामुळे त्या अक्षरांचा शिक्का कुठे सापडला तर निदान वस्तू त्याआधीची आहे, इतके ठरते. पण तेव्हा वस्तू साहेबाची नव्हे, रेल्वेची होती, हेही मान्य करावे लागेल. या सगळ्याची छायाचित्रे घेऊन आणखी दोन व्यापाऱ्यांना आणि मुंबईतील एखाद्या लिलावगृहाला दाखवा. चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर एक दुपार घालवली, तरी भावाचा अंदाज येईल.

तोवर पॉलिशला हात लावू नका. लाखेचे जुने फ्रेंच पॉलिश खरवडून त्यावर चकचकीत थर दिला, की जाणकार खरेदीदार मागे सरतो. माझ्या आजोबांच्या पेटीचे मी हौसेने असेच वाटोळे केले आहे, म्हणून हे जरा ठासून सांगतो. वाळवी वा भुंगा दिसला तर त्याचा बंदोबस्त मात्र लगेच करावा.

डेस्क शंभर वर्षांहून जुने निघाले, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. तितके जुने नसेल, तर पाठवण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसे प्रमाणपत्र घ्यावे. करापुरते बोलायचे, तर घरात वापरात असलेले फर्निचर वैयक्तिक वापराची वस्तू मानले जाते आणि त्याच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही; कलाकृतींना ही सवलत नाही, त्यामुळे कोरीव कामाच्या वस्तूला मोठी रक्कम येणार असेल तर आधी सनदी लेखापालांना विचारा.

माझे मत असे : पलंग आणि कपाट तीन भाव हाती आल्यावर विकावे, आणि भाड्याच्या घरात मावत असेल तर डेस्क आपणच वापरावे. त्या लिलावाची हकिकत घरात कोणाला ठाऊक असेल, तर ती आपल्या आत्यांना, म्हणून त्यांच्याकडे आधी जा. पण आजोबांनी मृत्युपत्र केले नसेल, तर मुलगी म्हणून त्यांचाही या वस्तूंत वाटा आहे आणि वडील हयात नसतील, तर त्यांच्या वाट्यात आई व बहीण आपल्या बरोबरीने आहेत. तेव्हा विक्रीला सर्वांची लेखी संमती घेऊनच व्यापाऱ्याला होकार द्या आणि पैसे बँकेतूनच घ्या.