जुन्या जिप्सीचं फोर बाय फोर पावसात डांबरावर चालवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी जिप्सी घेतलीय, आठवड्यातून एकदा कोल्हापूरहून गगनबावड्याला जाणं होतं. पावसात घसरू नये म्हणून सगळा रस्ता फोर हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देऊन, काढता. पण वळणावर गाडी अडखळते आणि घरी आल्यावर फोर बाय फोरचा लिव्हर टू हायला, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर, येत नाही. गाडी फसवून विकली की काय, अशी शंका आहे.

माझ्या मते गाडी फसवी नाही. डांबरावर फोर हाय टाकणं मात्र आजपासून बंद करा, अगदी आषाढातला पाऊस असला तरी. फोर हाय टाकायचं की नाही हे आभाळाकडं बघून ठरवायचं नसतं, चाकाखालची जमीन सरकते का, यावर ठरवायचं असतं. भिजलेलं डांबर आपल्याला निसरडं वाटतं, पण या यंत्रणेच्या दृष्टीनं ते घट्टच आहे.

कारण सांगतो. जिप्सीत पुढं एक आणि मागं एक डिफरन्शियल आहे. ती डाव्या-उजव्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक सांभाळतात. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या (ॲक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या दांड्यांच्या) मधे मात्र तसं काहीच नाही. फोर हाय टाकलं की ट्रान्सफर केस, म्हणजे पुढं-मागं जोर वाटणारी पेटी, दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडून टाकते, दोघांचे फेरे सारखेच झाले पाहिजेत. आता वळणाचा हिशोब करा. जिप्सीच्या दोन ॲक्सलमधलं अंतर २३७५ मिलिमीटर. मागचा ॲक्सल ६ मीटर त्रिज्येनं वळला तर पुढचा साधारण साडेसहा मीटरनं वळतो. घाटातल्या एका अर्धगोल वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा जवळपास १.४ मीटर जास्त चालतात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हा फरक जिरून जातो. डांबरावर तो जिरायला जागाच नाही. मग शाफ्ट पीळ खातात, टायर खरडतात, गिअरचे दाते एकमेकांवर दाबून बसतात. तुमचा लिव्हर त्या दाबामुळंच निघत नाही.

आणि खर्चापेक्षा मोठी भीती वेगळी आहे. जखडलेल्या गाडीचं तोंड वळायला मागत नाही, सरळ जायला बघतं. करूळ घाटात उतरताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलंय आणि नाक कठड्याकडं चाललंय, ही वेळ कुणावर येऊ नये. फोर व्हील टाकल्यानं चढायला जोर मिळतो, पण ब्रेक लावल्यावर गाडी थांबायचं अंतर काही कमी होत नाही. थांबवायचं काम ब्रेक आणि टायरच करतात. ओल्या घाटात टू हाय, बेताचा वेग आणि चांगले टायर, एवढंच पुरतं.

हे मी नुकसान सोसून शिकलोय. आमच्या पाणंदीतून ऊस बघून बाहेर पडलो, फोर हाय काढायचं विसरलो आणि कळ्यापासून रंकाळ्यापर्यंत वीसेक किलोमीटर तसाच आलो. पेट्रोल पंपावर गाडी पूर्ण वळवली आणि खालून ‘खाड्’ असा आवाज आला. लिव्हर दोन्ही हातांनी ओढला तरी हलेना. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावले, आधी सगळ्यांना हातानं बाजूला सारलं आणि मग पुढचं एक चाक जॅकवर घेतलं. जमिनीवरून टायर सुटला, तसं ते चाक कुणी हात न लावता झटक्यात फिरलं. इतका पीळ आत साठला होता. नंतर तोच लिव्हर दोन बोटांनी निघाला. पुढच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा हलता सांधा, उघडला तर बेअरिंगच्या सुयांच्या जागी तांबूस भुकटी होती.

रस्ता बराचसा सरळ, मग एवढा पीळ आला कुठून, हे मला समजत नव्हतं. मिस्त्रींनी खडू घेतला. टायरवर एक रेघ, खाली जमिनीवर एक रेघ, गाडी ढकलून चाकाचा बरोबर एक फेरा केला आणि टेप लावली. मी मागं दोन नवे टायर घातले होते, पुढं झिजलेलेच ठेवले होते. एका फेऱ्यात २ सेंटिमीटरचा फरक निघाला. चाकाचा घेर साधारण २ मीटर, म्हणजे किलोमीटरला ५०० फेरे, म्हणजे किलोमीटरमागं १० मीटर. तुम्ही गाडी जुनी घेतलीय, तेव्हा ही खडूची मोजणी चारही चाकांवर आधी करा. हवा सारखी भरून मगच मोजा. चार टायर एका मापाचे आणि सारख्याच झिजेचे नसतील तर पाणंदीतसुद्धा फोर हाय जपून वापरा.

लिव्हर अडकला तर ओढाताण करू नका, आणि तो जॅकचा प्रकार घरी करू नका. मोकळ्या जागेत, मागं कुणी नाही बघून, गाडी सरळ रेषेत चार-पाच मीटर हळू रिव्हर्स घ्या. क्लच दाबून लिव्हर हलका खेचा. एकदा नाही जमलं तर कच्च्या कडेला दोन चाकं उतरवून पुन्हा करा.

पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे फ्री व्हीलिंग हब (चाक ॲक्सलला जोडायची-सोडायची कळ) असतील तर गाडी थांबवून दोन्ही बाजूचे लॉक करा. एक लॉक आणि एक फ्री ठेवलं तर पुढं जोर मिळत नाही, आणि नुसता लिव्हर टाकून हब फ्री राहिले तर गाडी मागच्याच चाकांवर चालते. हब आधीच लॉक असले की कमी वेगात, स्टिअरिंग सरळ धरून फोर हाय चालत्या गाडीत टाकता येतं. फोर लो (चारही चाकांना जोर, पण वेग कमी आणि ताकद जास्त) मात्र गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबूनच. मसाई पठारावर किंवा शेतात चिखल दिसतोय तिथं अडकायच्या आधीच टाका. चाकानं खड्डा केल्यावर टाकून फारसा उपयोग होत नाही, कारण पुढचं एक आणि मागचं एक चाक रिकामं फिरायला लागलं की फोर बाय फोरसुद्धा जागची हलत नाही.

निसरडा कच्चा उतार असेल तर फोर लो, पहिला गिअर, आणि क्लचवरून पाय काढून ठेवा. इंजिन गाडी धरून ठेवतं. घाबरून क्लच दाबला की ती धरच सुटते. ट्रान्सफर केसच्या लिव्हरला फोर हाय आणि फोर लोच्या मधे न्यूट्रल असतं. उतारावर लिव्हर तिथं राहिला तर पहिल्या गिअरमध्ये उभी केलेली गाडीसुद्धा गिअरवर थांबत नाही. हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा, मुलं आसपास असतील तर नक्कीच.

पुराच्या पाण्याबद्दल एकच सांगतो. आपले कोल्हापुरी बंधारे पाण्याखाली गेले की वरून कितीही थोडं पाणी दिसलं तरी गाडी घालू नका. पाणी गाडीला उचलतं, आणि उचललेल्या गाडीची चार चाकं फिरली काय आणि दोन फिरली काय, सारखंच.

ओढ्यातून गाडी काढली असेल तर दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल तपासा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, लगेच बदलून घ्या. महिन्यातून एकदा हब लॉक करून दोन-तीन किलोमीटर मातीच्या रस्त्यावर फोर हाय चालवा, नाहीतर फ्री हबमुळं न फिरणारं पुढचं डिफरन्शियल तेलाशिवाय वरून कोरडं पडतं. तुमच्या गाडीला झालेला ताण बघता, गगनबावड्याला पुन्हा जायच्या आधी पुढच्या शाफ्टचे क्रॉस हातानं हलवून बघा. थोडी जरी खडखड लागली तरी उद्यमनगर गाठा.