स्विफ्टच्या डिकीसाठी १२ इंची सबवूफरची दणदणीत पेटी घरी कशी बनवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी स्विफ्ट आहे, १२ इंची सबवूफर (फक्त खालचा बेस वाजवणारा मोठा स्पीकर) आणि ५०० वॅट आरएमएसचा, म्हणजे सतत तेवढा जोर देणारा, मोनो अँप (एकाच चॅनेलचा अँप्लिफायर) घेऊन झालाय, पण दुकानातली तयार पेटी लावल्यावर ‘नुसतं घुमतंय, दणका नाही’. म्हणून पेटी स्वतः बनवायची आहे. केवढी बनवू, लाकूड कुठलं, पोर्ट (पेटीतली हवा ये-जा करते ती फट) केवढा, आणि पुढेमागे सीएनजी बसवला तर काय?

‘नुसतं घुमतंय’ म्हणालात तिथेच निम्मं निदान झालं. तयार पेट्या कुठल्याच एका स्पीकरसाठी बनवलेल्या नसतात. डिकीत बसेल आणि स्वस्तात पडेल एवढाच हिशेब असतो. पेटी लहान, पोर्ट आखूड, त्यामुळे सगळा जोर ४५-५० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) आसपास गोळा होतो आणि कुठलंही गाणं लावा, खालून एकच ‘हुंम्म’ येतो. असं झालं की लोक अजून मोठा अँप घ्यायला निघतात. तो खर्च टाळा. ५०० चे १००० वॅट केलेत तर मिळतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. चांगल्या पोर्टेड, म्हणजे पोर्ट असलेल्या, पेटीत मात्र ट्यूनिंगच्या (पेटीच्या ठरलेल्या सुराच्या) आसपास तेच ३ डेसिबल किंवा जास्त, अँपला हात न लावता पदरात पडतात.

सुरुवात स्पीकरसोबत आलेल्या कागदापासून करा. त्यावर एफएस, क्यूटीएस, क्यूईएस, व्हीएएस, एक्समॅक्स असे आकडे असतात. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी मांडलेल्या गणितावरून त्यांना थील-स्मॉल पॅरामीटर्स म्हणतात. कागदच नसेल आणि खोक्यावर फक्त ‘३००० वॅट’ छापलेलं असेल, तर त्या स्पीकरसाठी कुणीही नीट पेटी काढून देऊ शकणार नाही. पहिली चाचणी सोपी आहे: एफएसला (स्पीकर स्वतःहून ज्या सुराला डोलतो तो) क्यूईएसने (त्याची मोटर पडद्याला किती आवरते ते दाखवणारा आकडा) भागा. उत्तर ५० च्या खाली आलं तर बंद पेटी, १०० च्या वर गेलं तर पोर्टेड, मधे कुठेतरी असेल तर दोन्ही चालतं. मग ते आकडे विनआयएसडी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाका. ग्राफ कसे बदलतात ते संध्याकाळभर खेळून बघा, निम्म्या शंका तिथेच फिटतील.

तुम्हाला दणका हवाय म्हणून पोर्टेडचंच बोलतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर निघतो, तोच हा प्रकार. पोर्टमधली हवा वजनाचं काम करते, पेटीतली हवा स्प्रिंगचं, आणि दोघांचा मिळून एक सूर ठरतो. ते ट्यूनिंग. किती ठेवायचं हे गाण्यांवर ठरवा. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला वाजते. लोकगीतांचे रीमिक्स, ढोलकी, जुन्या हिंदी गाण्यांचे डीजे व्हर्जन यांत त्याखाली फारसं काही नसतं, त्यामुळे ३८ च्या आसपास ट्यून केलेली पेटी जास्त जोरात वाटते. हिप-हॉप, ट्रॅप ऐकत असाल तर ३२-३३. दोन्ही ऐकणाऱ्याने ३५ धरावं. कुणाची गाडी जास्त जोरात वाजते या स्पर्धांमधले लोक एकाच सुरावर डेसिबल मीटर हलवण्यासाठी वर ट्यून करतात, पण त्या गाड्यांमध्ये बसून कुणी गाणी ऐकत नाही.

बऱ्याच १२ इंची स्पीकरना पोर्टेडमध्ये ५० ते ५७ लिटर निव्वळ हवा लागते. आपण ५० लिटर आणि ३५ हर्ट्झ धरू. पोर्ट ३० सेंमी उंच आणि ६ सेंमी रुंद अशी उभी फट, म्हणजे १८० चौरस सेंमी. पोर्टमध्ये कंजुषी नको. अरुंद पोर्टमधून हवा इतक्या वेगाने जाते की जोरात वाजवताना फुस्स-फुस्स असा आवाज येतो आणि बेस वाढायचा थांबतो. लांबीचं सूत्र सोप्या एककांत असं बसतं: ३०,१५० गुणिले पोर्टचं क्षेत्रफळ (चौरस सेंमी), भागिले ट्यूनिंगचा वर्ग गुणिले घनफळ (लिटर). आपल्या आकड्यांनी येतात ८८.६ सेंमी. पोर्टच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही पोर्टसोबत हलते, तिच्यासाठी साधारण ११ सेंमी वजा करा. उरले ७७.

आता बहुतेक जण जिथे फसतात ती जागा. ५० लिटर हवी म्हणून आतून ५० लिटरची पेटी बनवली जाते. पण हा ७७ सेंमीचा पोर्ट एकटाच १४ लिटर खातो. त्याची फळी ४ लिटर, स्पीकरचा मागचा भाग ३, आधाराच्या पट्ट्या १. म्हणजे पेटी आतून ७२ लिटरची हवी! ५० ची बनवलीत तर स्पीकरच्या वाट्याला २८ लिटर उरतात आणि त्याच पोर्टचं ट्यूनिंग ३५ वरून थेट ४६-४७ हर्ट्झवर चढतं. तुमच्या आत्ताच्या पेटीचं नेमकं हेच झालेलं असणार. टेप घेऊन आतलं माप काढा आणि खात्री करून घ्या.

७२ लिटर म्हणजे आतून ३० उंच, ३५ खोल, ६८.६ रुंद. फळी १८ मिमीची आणि समोरची, जिच्यावर स्पीकर बसतो, ती दुहेरी धरली तर बाहेरून साधारण ३४ × ४० × ७२ सेंमी. पोर्ट एका बाजूच्या भिंतीला लागून मागे जातो आणि मग मागच्या भिंतीला समांतर वळतो. लांबी मधल्या रेषेवर मोजा, आणि आतलं टोक पलीकडच्या बाजूच्या भिंतीपासून निदान पोर्टच्या रुंदीइतकं लांब ठेवा. आपल्या मापात तिथे २० सेंमी उरतात, उत्तम. लाकूड कापण्याआधी पुठ्ठ्याचा एवढा खोका करून डिकीच्या तोंडातून आत जातो का ते बघा. आतली जागा भरपूर आणि तोंड अरुंद, ही हॅचबॅकची जुनी खोड.

लाकडाबद्दल लोक तासन्‌तास वाद घालतात, मला त्यात फार अर्थ दिसत नाही. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) एकजीव असतं, आत पोकळी नसते, कडा सरळ कापल्या जातात. पण पावसाळ्यात डिकीत पाणी झिरपलं की फुगतं. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर ७१० ग्रेडचा मरीन प्लाय किंवा एचडीएचएमआर (ओल सोसणारा घट्ट फायबर बोर्ड) घ्या. पार्टिकल बोर्ड नको म्हणजे नको. ८ बाय ४ ची एक शीट पुरून उरते. कटिंग मशीनवरच करून घ्या. पुण्यात असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मापं देऊन शीट कापून मिळेल. हातकरवतीने कापलेली कड दोन मिमी वाकडी गेली की पुढचं सगळं पुट्टीने भरून काढत बसावं लागतं.

जोडणीत फेव्हिकॉल हेच खरं काम करतं, स्क्रू फक्त तो सुकेपर्यंत फळ्या धरून ठेवतात. कडेवर सलग धार सोडा, फळी दाबली की सांध्यातून फेव्हिकॉलचे मणी बाहेर यायला हवेत. जिथे आले नाहीत तिथे हवा गळणार. एमडीएफच्या कडेत आधी बारीक ड्रिल मारल्याशिवाय स्क्रू घालू नका, ते उभं चिरतं. आतल्या कोपऱ्यांत फेव्हिकॉल आणि लाकडाचा भुसा यांचा लगदा बोटाने फिरवा. सिलिकॉन वापरलंत तर त्याचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत स्पीकर बसवू नका. स्पीकरसाठी लाकडी स्क्रूऐवजी टी-नट (फळीत मागून ठोकायचे आट्यांचे नट) लावा, दोन-तीनदा काढघाल झाली की फरक कळतो.

कार्पेट चिकटवायच्या आधी दोन गोष्टी तपासा. पहिली गळती. स्पीकर लावून ३० हर्ट्झच्या आसपासचा टोन हळू आवाजात सोडा आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून, टर्मिनलच्या कडेने, स्पीकरच्या रिंगभोवती सावकाश फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक. जिथे तो थरथरून बाजूला फेकला जातो तिथे फट आहे, मग ती डोळ्याला दिसो न दिसो. पोर्टच्या तोंडाजवळ अर्थातच धूर नाचणार, तिकडे जाऊ नका.

दुसरी, ट्यूनिंग. फोनवर टोन जनरेटर घ्या आणि ५० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या. स्पीकरचा पडदा आधी व्यवस्थित हलताना दिसेल. मग एका ठिकाणी तो जवळजवळ थांबतो, आणि त्याच वेळी पोर्टपुढे हात धरला तर पंख्यासारखी हवा लागते. आवाज कमी झालेला नसतो, फक्त तो आता पोर्टमधून येत असतो. तेच तुमचं खरं ट्यूनिंग. भिंतीला चिकटलेला पोर्ट गणितापेक्षा थोडा खालीच ट्यून होतो, त्यामुळे ३५ च्या जागी ३३-३४ आलं तर काही बिघडलं नाही. जास्तच फरक असेल तर पोर्टचं आतलं टोक कापता यावं म्हणून वरची फळी या चाचणीपर्यंत नुसती स्क्रू आणि फोमच्या पट्टीवर बसवा, फेव्हिकॉल नंतर. (मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीत हेच ट्यूनिंग हर्ट्झभर वर सरकतं, कारण गरम हवेत आवाज वेगाने जातो. काही करायची गरज नाही.)

याच खेळात आणखी खाली, २५ हर्ट्झला गेलात तर पडदा वेड्यासारखा आत-बाहेर करायला लागेल. तिथे जोर देऊ नका. ट्यूनिंगच्या खाली पेटीतली हवा पडद्याला आवरतच नाही. पोर्टेडमधले स्पीकर फाटतात ते इथेच. म्हणून अँपवरचा सबसॉनिक फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारा) २८ ते ३० वर ठेवा, लो-पास (त्यावरचे सूर अडवणारा) ८० च्या आसपास, आणि बेस बूस्ट शून्य. शून्य म्हणजे शून्य. गेन (स्टीरिओचा सिग्नल अँप किती वाढवतो ते ठरवणारं बटण) कानाने लावू नका. स्पीकरची वायर काढा, स्टीरिओ नेहमीच्या कमाल आवाजावर ठेवा, ५० हर्ट्झचा टोन सोडा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून अँपच्या आउटपुटवर बघा. २ ओहमवर ५०० वॅट म्हणजे सुमारे ३१.६ व्होल्ट, ४ ओहमवर ४४.७. तिथे थांबा.

करंटचा हिशेबही करून ठेवा. क्लास डी अँप ८० टक्के कार्यक्षम धरला तर पूर्ण जोरात तो ४५ अँपिअर ओढणार. वायर अस्सल तांब्याची, ४ गेज. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या वायरी ढिगाने मिळतात, तीच जाडी पण करंट कमी वाहणाऱ्या. सोलून आतला रंग बघा. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. अर्थिंगची जागा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. आणि डिकीत भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा, खाली पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप असतात.

स्पीकर आणि पोर्ट मागच्या दाराकडे तोंड करून ठेवा आणि दारापासून १०-१५ सेंमी अंतर सोडा. हॅचबॅकमध्ये बहुतेकदा हेच सगळ्यात जोरात लागतं. दोन्ही बाजूंनी फिरवून, मधे सरकवून बघा, कारण प्रत्येक गाडीचं थोडं वेगळं निघतं. गाडीची केबिन स्वतःच खालचा बेस वाढवते. साधारण ६० हर्ट्झच्या खाली तो चढत जातो, म्हणून घरात फिका वाटणारा सबवूफर गाडीत भारी वाटतो. पेटी भरून ३० किलोच्या वर जाते, तिला पट्ट्याने सीटच्या मागच्या हुकांना बांधा. जोरात ब्रेक मारला की ती तशीच पुढे येते.

जमलं की पहिल्यांदा वाजेल ती नंबर प्लेट. तिच्यामागे फोमची पट्टी, मागच्या दाराच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल शीट (थरथर दाबणारी चिकट रबरी शीट). आणि कानांचं बघा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं ही सुरक्षित मर्यादा धरतात, ही पेटी त्याच्या बरीच वर जाईल. रात्री १० नंतर सोसायटीत शिरताना आवाज कमी कराच. बेस भिंतीतून आरपार जातो आणि तक्रार नेमकी तुमच्याच नावाने होते.

सीएनजी बसवणार असाल तर मात्र आत्ता लाकूड कापू नका. ६० लिटरचा सिलिंडर आडवा बसला की ७२ लिटरच्या पेटीला जागाच राहत नाही, आणि सिलिंडरच्या व्हॉल्व्हपुढे पेटी ठेवणं तर बिलकुल नको. तेव्हा १२ इंची विकून टाका आणि पुढच्या सीटखाली मावणारा ८ इंची अॅक्टिव्ह (आतच अँप असलेला) सबवूफर घ्या, किंवा सिलिंडरच्या बाजूला कोपऱ्यात १५-२० लिटरच्या बंद पेटीत १० इंची. दणका कमी होईल, पण बंद पेटीचा बेस नेटका असतो आणि ढोलकी-पखवाज मला तर त्यातच जास्त आवडतात.